आपत्तीनंतरचे दान आणि आपत्तीपूर्वीची तरतूद
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



दिनांक २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. दशलक्षण पर्वाची सांगता त्याच दिवशी होत होती आणि गावोगावी गणरायाचे विसर्जनही होते. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत मिरवणुका रात्री उशिरापर्यंत चालल्या. दमलेली माणसे घरी परतली आणि गाढ झोपी गेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, म्हणजे ३० सप्टेंबरचा सूर्य उगवण्यापूर्वीच, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर परिसराची जमीन हादरली. तो हादरा एक मिनिटही टिकला नाही. परंतु तेवढ्या अवधीत ५२ गावे जमीनदोस्त झाली. अधिकृत नोंदींत मृतांची संख्या सुमारे आठ हजार आहे, तर काही नोंदींत ती साडेनऊ हजारांच्याही पुढे जाते. जखमींची संख्या सुमारे सोळा हजार होती. गोठ्यांत बांधलेली हजारो मुकी जनावरे दावणीलाच गतप्राण झाली.

देगलूरपासून किल्लारी सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. त्या पहाटेचा धक्का पार हैदराबादपर्यंत जाणवला, तसा तो या गावालाही जाणवला. परंतु किल्लारीसारखा अनर्थ येथे घडला नाही. संकट दाराशी येऊन परत गेले, असेच म्हणावे लागेल. या घटनेला आता तीन दशके उलटून गेली आहेत. ज्या तरुणांच्या हाती उद्या समाजाचा कारभार जाणार आहे, त्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी हा थोडा कठोर विषय मांडणे आवश्यक वाटते. मंगल प्रसंगी घराच्या पायाचाही विचार करावा, अशी आपल्याकडे रीतच आहे.

माणसे कशाने दगावली?

किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ इतकी मोजण्यात आली. या आकड्याचा अर्थ समजण्यासाठी एक तुलना उपयोगी पडेल. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. वेळ तीच, पहाटेची, साडेचारच्या सुमाराची. माणसे तेथेही झोपेतच होती. तीव्रता ६.७, म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा किल्लारीच्या पाचपटीहून अधिक. आणि एवढ्या दाट वस्तीच्या महानगरात मृतांची संख्या होती सुमारे साठ. जमीन तेथे अधिक जोराने हलली आणि माणसे मात्र वाचली. हा फरक निसर्गाने केलेला नाही. तो भिंतींनी आणि छपरांनी केलेला आहे. तेथील बहुतेक घरे हलक्या लाकडी सांगाड्याची होती. किल्लारीची घरे दगड-मातीची होती.

मराठवाड्यातील जुन्या घराची रचना येथे बसलेल्या प्रत्येक ज्येष्ठाला परिचित आहे. काळ्या फत्तराच्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती. दगड ओबडधोबड, आणि जोडणी चुन्याऐवजी चिखलाची. अशी भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा ती दोन पदरांची असते. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व मातीची भर. दोन्ही पदरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड कोठेच नसतो. जमीन हलली की हे दोन पदर एकमेकांपासून सुटतात. एक बाहेर कोसळतो आणि दुसरा आत, झोपलेल्या माणसावर.

छपराची गोष्ट त्याहून गंभीर आहे. माळवद गळू लागले की त्यावर मातीचा नवा थर टाकावयाचा, असा पिढ्यान् पिढ्यांचा परिपाठ. जुना थर काढण्याची पद्धत नाही. त्यामुळे माळवदाचे वजन वर्षागणिक वाढत जाते. साधा हिशेब करून पाहावा. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीची माती, म्हणजे शंभर घनफूट. दाबून बसलेल्या मातीचे वजन घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले, तरी साडेचार टन होतात. थर दोन फुटांचा असेल, तर नऊ टन. एक भरलेली मालट्रक खोलीच्या डोक्यावर उभी आहे, आणि तिच्याखाली रात्री अंथरुणे पसरली जात आहेत, असाच याचा अर्थ. भूकंप झाला तेव्हा पावसाळा नुकताच सरत होता. माती भिजलेली होती आणि वजन आणखी वाढलेले होते.

या बांधणीला दोष देताना पूर्वजांवर अन्याय होऊ नये. जाड भिंत उन्हाळ्यात घर थंड ठेवीत होती, चोर-दरोडेखोरांपासून रक्षण करीत होती, आणि दगड-माती गावातच मिळत होती. भूकंप या प्रदेशाच्या आठवणीतच नव्हता, म्हणून त्याचा विचार बांधणीत आला नाही. परंतु किल्लारीने एक विलक्षण दृश्य दाखविले. गावातील भारदस्त वाडे कोसळले, आणि ज्यांना वाडा बांधण्याची ऐपत नव्हती अशांची कुडाची, गवताने शाकारलेली घरे माणसांना न मारता तशीच राहिली. कित्येक घरांत छताचा भार पेलणारे लाकडी खांब उभेच राहिले, आणि भिंती मात्र ढासळल्या. प्रतिष्ठेचे लक्षण मानलेली भिंतीची जाडीच माणसांच्या जिवावर उठली.

इशारा मिळाला होता

संकट अचानक आले, असे नेहमी म्हटले जाते. किल्लारीच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. आदल्याच वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यात आणि ऑक्टोबर महिन्यात, त्या परिसराला अनेक लहान धक्के बसले होते. काही दिवस लोक घराबाहेर झोपले. पुढे धक्के थांबले, भीती ओसरली आणि अंथरुणे पुन्हा आत गेली. त्या वेळच्या भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचे पठार स्थिर आहे, असा शास्त्रज्ञांचाही सर्वसाधारण समज होता. हा नकाशा २००२ मध्ये सुधारण्यात आला. पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. नकाशा बदलण्यास नऊ वर्षे लागली, आणि त्याची किंमत आधीच चुकती झालेली होती.

धक्क्यांच्या त्या वर्षभरात काय करता आले असते? सगळी गावे नव्याने बांधणे शक्य नव्हते. परंतु माळवदावरचे मातीचे थर कमी करता आले असते. फुगलेल्या भिंतीजवळची अंथरुणे हलविता आली असती. ही कामे टिकाव, घमेले आणि चार माणसांची आहेत. ती झाली नाहीत, कारण कोणी सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

दानाची परंपरा

भूकंपानंतर मात्र महाराष्ट्राने आणि देशाने आपले हृदय मोकळे केले. लष्कर आले, डॉक्टर आले, अन्नछत्रे उघडली. पावसाच्या सरींत मदतकार्य चालले. या कार्यात जैन समाजाचा वाटा अभिमानाने सांगावा असा आहे. श्री. शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुलांना पुण्यास नेले आणि त्यांच्या निवासाची, शिक्षणाची जबाबदारी वर्षानुवर्षे सांभाळली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र हे त्या कार्याचे जिवंत स्मारक होय. जात-धर्म न पाहता उचललेली ती जबाबदारी होती. पुढे २००१ च्या कच्छ भूकंपानंतरही संघटनेने शाळा उभारून मुलांचे शिक्षण पुन्हा सुरू करून दिले.

शासनानेही जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम झाले. या कामात खेड्यातील स्त्रियांना संवाद साहाय्यक म्हणून नेमण्यात आले. घर कसे बांधले जात आहे, हे त्या पाहू लागल्या आणि विचारू लागल्या. ज्या स्त्रीचा सारा दिवस त्या भिंतींच्या आत जातो, तिला भिंतीविषयी प्रथमच विचारण्यात आले, ही गोष्ट लहान नाही.

दानाचीही एक बाजू मात्र स्पष्टपणे सांगावयास हवी. प्रत्येक आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचा ढीग येतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर असे कपडे इतके साचले की ते निवडून इतरत्र उपयोगात आणणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसले. पाठविणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो. पण तेथे कोणत्या मापाचे, कोणत्या हवामानाचे, कोणत्या चालीरीतीचे वस्त्र लागते, हे कोणी विचारलेले नसते. कापडाच्या व्यवहारातील माणसाला हे लगेच उमगते. गिऱ्हाइकाची मागणी न विचारता तागे फाडणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही. दानालाही चौकशी लागते, यादी लागते आणि वेळ साधावी लागते.

तरतूद म्हणजे काय?

कोणत्याही पेढीच्या हिशेबात दान आणि तरतूद ही दोन निरनिराळी खाती असतात. दान हे हातून गेलेले असते. तरतूद ही येऊ घातलेल्या खर्चासाठी आधीच बाजूला काढून ठेवलेली असते. बुडीत उधारीसाठी व्यापारी तरतूद करतो. कोणती उधारी बुडणार हे त्याला ठाऊक नसते, पण काही तरी बुडणार हे ठाऊक असते. दुकानातील कपाटे, पंखे, शिलाई यंत्र यांवर तो दरवर्षी घसारा लावतो. परंतु ज्या भिंतीच्या आधाराने हे सारे उभे आहे, त्या भिंतीचा घसारा कोणी लावतो काय? आजोबांनी बांधलेली भिंत खतावणीत आजही नवीच असते.

आपत्तीनंतरच्या मदतीत आपला समाज कधीच मागे राहिलेला नाही. आपत्तीपूर्वीच्या तरतुदीचे पान मात्र बहुतेक संस्थांच्या वहीत कोरे आहे. दान करणाऱ्याचे नाव फलकावर लागते, सत्कार होतो, ते योग्यही आहे. माळवदावरची माती उतरविल्याबद्दल कोणाचा सत्कार होत नाही. कारण त्यामुळे वाचलेला जीव कोणाला दिसत नाही. तो सकाळी उठून आपल्या कामाला गेलेला असतो.

तरतुदीने जीव वाचतात, याची साक्ष मात्र इतिहासात आहे. देगलूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, त्याच संस्थानाचे उदाहरण घ्यावे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहरात हजारो माणसांचा बळी घेतला. त्यानंतर विख्यात अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण करण्यात आले, आणि त्यांच्या योजनेतून नदीच्या वरच्या अंगाला उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय उभे राहिले. पुराला अडविणाऱ्या त्या तलावांनी शहराला पिढ्यान् पिढ्या पाणीही पाजले. दुसरे उदाहरण ओडिशाचे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. त्यानंतर निवारा केंद्रे बांधली गेली, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले, इशाऱ्याची साखळी उभी राहिली. २०१३ च्या ऑक्टोबरात फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. वारा तोच, समुद्र तोच. फरक मधल्या चौदा वर्षांत शांतपणे केलेल्या कामाचा.

देगलूरच्या दाराशी

हे सारे दूरचे आहे, असे समजण्याचे कारण नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि नांदेड, परभणीपर्यंत जमीन हलली. त्याच वर्षी १० जुलै रोजी पुन्हा तेवढ्याच तीव्रतेचा धक्का बसला. मार्चच्या धक्क्यानंतर नांदेड जिल्हा प्रशासनाने लोकांना एक साधी सूचना केली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर जे दगड ठेवतात, ते काढून घ्यावेत. ही सूचना दिसावयास क्षुल्लक आहे. पण किल्लारीचा सगळा धडा तिच्यात आहे. डोक्यावरचे ओझे कमी करा. त्या सूचनेनंतर किती पत्र्यांवरचे दगड उतरले, हे प्रत्येकाने आपल्याच गच्चीवरून पाहावे.

पाण्याचे संकटही तितकेच जवळ आहे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी शेजारच्या मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली. लेंडी धरणाच्या परिसरातील हसनाळ, रावणगाव आदी गावांत रात्रीतून पाणी शिरले. माणसे दगावली, जनावरे मोठ्या संख्येने मेली आणि अडकलेल्यांच्या सुटकेसाठी बचाव पथकांबरोबर लष्करालाही पाचारण करावे लागले. त्यानंतर महिनाभरातच, सप्टेंबरमध्ये, मराठवाड्यातील जवळजवळ सर्व नद्यांनी पात्र सोडले आणि उभी पिके खरडून नेली. एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या प्रदेशाला बुडण्याची सवय नसते; म्हणूनच येथे पूर अधिक घातक ठरतो. आणि दरवर्षी वळवाच्या पावसात विजेने घेतलेले बळी वेगळेच. ते एकेकटे जातात, म्हणून त्यांची आपत्ती म्हणून गणनाही होत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलणे भाग आहे. मराठवाड्यातील बहुतेक बाजारपेठांच्या गावांत जुन्या वाड्यांचे मालक नव्या वसाहतींतील सिमेंटच्या घरांत राहावयास गेले. जुना वाडा मोकळा राहिला नाही. त्याच्या पुढच्या भागात गोदाम झाले आणि मागच्या खोल्यांत भाडेकरू आले. कोठे हमाल, कोठे रोजंदारीवरील कुटुंब, कोठे दुकानातच रात्री झोपणारा नोकर. भाडे नियमित येते. माळवद मात्र तेच आहे आणि भिंतीचे फुगवटेही तेच. उद्या दुर्दैवाने धक्का बसला, तर त्या भिंतीखाली मालक नसेल. मुंगी चिरडू नये म्हणून पाऊल जपून टाकणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या समाजाने आपल्याच छपराखाली झोपलेल्या माणसाचा विचार प्रथम केला पाहिजे. धर्माने ज्याला यतना म्हटले, ती सावधपणे वागण्याची शिकवण इजा होण्यापूर्वीची आहे. इजा झाल्यावर उरते ते प्रायश्चित्त.

"जे कर्मात असेल ते चुकणार नाही," असे कोणी म्हणेल. परंतु कर्मसिद्धांताने पुरुषार्थाला कधीच सुट्टी दिलेली नाही. दुकानाला कुलूप लावताना कोणी कर्मावर हवाला ठेवीत नाही. मग भिंतीपाशीच तो का ठेवावा?

करण्यासारखी कामे

पहिले काम यादीचे. समाजातील प्रत्येक कुटुंबाच्या मालकीची जुनी घरे, गोदामे, भाड्याच्या खोल्या यांची एक नोंदवही करावी. भिंत कशाची, छप्पर कशाचे, माती किती, आत किती माणसे झोपतात, त्यांत वृद्ध, आजारी, लहान मुले किती, याची नोंद घ्यावी. एका वहीचा आणि काही रविवारांचा हा खर्च आहे.

दुसरे काम छपराचे. माळवदावरील जादा माती उतरवावी. शक्य तेथे माळवदाच्या जागी हलके छप्पर घालावे. पत्र्यावरील दगड काढून पत्रे आकड्यांनी व नट-बोल्टने घट्ट बसवावेत. हे करताना जाणत्या गवंड्याचा आणि अभियंत्याचा सल्ला घ्यावा, कारण एका बाजूचे ओझे उतरवून दुसरी बाजू तशीच ठेवणेही धोक्याचे असते.

तिसरे काम भिंतीचे. दगडी भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधण्यासाठी आरपार दगड, किंवा छिद्र पाडून त्यात सळई व काँक्रीट घालून केलेले बंध, उभ्या अंगाने दोन-दोन फुटांवर आणि आडव्या अंगाने चार-चार फुटांवर असावेत, असा मान्य नियम आहे. नवे बांधकाम करताना दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालावा. घराच्या एकूण खर्चात त्याचा वाटा लहान असतो. जे घर आज दुरुस्त होऊ शकत नाही, त्यात निदान झोपण्याची जागा बदलावी आणि दाराकडे जाणारी वाट पेट्या-गाठींनी अडवू नये.

चौथे काम पहिल्या काही तासांचे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातील तुकडी पुण्याजवळ आहे. तेथून देगलूरला रस्त्याने येण्यास आठ-दहा तास सहज लागतील. तोवर ढिगारा उपसणारे हात शेजाऱ्याचेच असणार. किल्लारीतही पहाटेपासून माणसे हातांनीच दगड उपशीत होती. म्हणून पहारी, फावडी, टिकाव, घमेली, दोरखंड, मालमोटारीचे जॅक, विजेऱ्या, स्ट्रेचर आणि प्रथमोपचार पेटी असे साहित्य संस्थेने एका ठिकाणी ठेवावे. त्या खोलीची किल्ली एकाकडे नको, तिघांकडे असावी. रक्तगटांची यादी आणि कोणी कोणास फोन करावयाचा याची साखळी लेखी असावी. वर्षातून एकदा प्रत्यक्ष सराव करावा. न वापरलेली पहार गंजते आणि न केलेला सराव विसरतो.

पाचवे काम पाण्याचे आणि विजेचे. नदी-नाल्याकाठच्या गोदामात माल जमिनीवर ठेवू नये. फळ्यांवर, उंच मांडणीवर ठेवावा. पाणी चढू लागले की जनावरांचे दावे सोडावे किंवा कापावे. मोकळे जनावर पोहून निघण्याची आशा असते, बांधलेल्याला ती नसते. जीवदयेचे हे काम पुराच्या रात्री एका विळ्याने होते. शेतात असताना वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर पक्क्या घराचा आसरा घ्यावा, झाडाखाली उभे राहू नये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विजेचा इशारा देणारे 'दामिनी' हे ॲप तयार केले आहे. घरातील तरुणांनी ते वडीलधाऱ्यांच्या आणि शेतावरील सालदारांच्या मोबाइलमध्ये बसवून द्यावे.

सहावे काम कागदांचे. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी 'भारत गृह रक्षा' आणि लहान व्यवसायांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' अशा प्रमाणित विमा योजना सुरू झाल्या. त्यांत आगीबरोबर पूर, वादळ आणि भूकंप यांचेही संरक्षण अंतर्भूत आहे. हप्ता वाचविण्यासाठी मालाची किंमत कमी दाखविणाऱ्याला भरपाईही त्या मानाने कमी मिळते, हे ध्यानात ठेवावे. मालमत्तेचे कागद, विमापत्र, बँकेची पुस्तके यांच्या प्रती गावाबाहेरील एखाद्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात.

समारोप

पन्नास वर्षे एखादी संस्था चालते, ती देणगीदारांच्या औदार्यामुळे आणि कार्यकर्त्यांच्या चिकाटीमुळे. सुवर्णमहोत्सवात झालेल्या कामाचा ताळेबंद मांडला जातो, तो मांडलाच पाहिजे. त्या ताळेबंदात या वर्षापासून 'आपत्ती तरतूद' हे एक नवे खाते उघडले जावे, एवढीच या व्याख्यानाची विनंती आहे. रक्कम मोठी नको. ज्या भाडेकरूच्या डोक्यावर सर्वांत जड माळवद आहे, त्या एका घरापासून आरंभ व्हावा. मालकाने निम्मा खर्च उचलावा, संस्थेने निम्मा. पुढच्या वर्षी दुसरे घर.

दरवर्षी अनंत चतुर्दशी येईल. पर्वाची सांगता होईल आणि त्यापाठोपाठ सर्व जीवांची क्षमा मागितली जाईल. त्या दिवशी मंदिरातून घरी परतताना प्रत्येकाने क्षणभर मान वर करून आपल्या आणि आपल्या भाडेकरूच्या छपराकडे पाहावे. १९९३ च्या त्या रात्री मिरवणुकीहून परतलेल्या माणसांनाही छप्पर होतेच. ते किती जड झाले आहे, हे मोजणारे कोणी नव्हते. देगलूरमध्ये ते मोजणारे हात याच सभागृहातून पुढे यावेत.

जय जिनेंद्र!